जुम्म्याची रात आणि जुमेरातचं ऊन

“माह्याच पोरानं बापाचा जुम्मा खाल्ला!”

जुबेदाचाचीनं आमच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभं राहून हे वाक्य फेकलं, तेव्हा टायपिंगला बसलेल्या सगळ्या मुलींचे हात एकदम थांबले. चाची आर्णीहून एसटीनं आली होती. बसस्टँडपासून उन्हात चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती. मी खुर्ची पुढे केली, तर तिनं ती पायानंच बाजूला सारली. “आधी ते मिटव. मंग बसतो.”

ते म्हणजे एक पान. कागदाचं नाही, इंटरनेटवरचं. आणि त्या पानावरच्या एका वारापायी माय आणि लेकाचं बोलणं तुटलं होतं. माझ्या धंद्याच्या इतक्या वर्षांत सर्व्हर बसले, वीज गेली, उंदरांनी वायरी कुरतडल्या; पण खरा घाम फोडला तो या एका पानानं. म्हणून तेच सांगते. मी कुठं शिकले, कसं दुकान टाकलं, हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं माझ्या नवऱ्याकडे जावं. त्याला सगळं पाठ आहे आणि तो चहाही पाजतो.

यवतमाळात माझं संगणक केंद्र होतं. पुढच्या खोलीत मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायचा आणि मागच्या खोलीत मी आणि इक्बाल मिळून वेबसाइट बनवायचो. इक्बाल जुबेदाचाचीचा एकुलता एक. माझ्याकडे आधी शिकायला आला, मग शिकवायला लागला, आणि मग मलाच शिकवायला लागला. मला दीदी म्हणायचा, आणि भांडताना “दीदीजी” म्हणायचा. ‘जी’ लागला की मी समजायची, आता हा ऐकत नाही.

त्याचे वडील उस्मानचाचा आर्णीच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. त्या रेच्यांची दुरुस्ती चाचांकडे. रेचा नुसता ऐकून सांगायचे, “याचं पोट दुखून राह्यलं.” संध्याकाळी घरी आले की भुवयांत कापूस अडकलेला असायचा आणि चाची तो ओढणीच्या टोकानं काढायची. मी गेले की म्हणायचे, “कुंदा बेटी, तुह्या मशीनमंदी तर कापूस बी नाही, सरकी बी नाही. मंग निघते काय?” मी म्हणायची, “तारीख निघते, चाचा.” यावर ते एवढं हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलं, मी त्यात भर घालत नाही. मी एवढंच पाहिलं, की एकामागून एक जिनिंग बंद पडल्या आणि तरणी पोरं जिल्हा सोडून गेली. कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी आखातात. चाचांची जिनिंग बंद झाली तेव्हा ते घरासमोर बसून फवारणीचे पंप आणि लुना दुरुस्त करायला लागले. भुवयांतला कापूस गेला. चाची मला एकदा म्हणाली, “याच्या तोंडाकडं पाहवत नाही आता. कोरं कोरं दिसते.”

गेलेल्या पोरांसाठी इक्बालच्या डोक्यातून एक साइट निघाली. नाव ठेवलं ‘आपले दिवस’. आपापल्या घरातले जन्मदिवस, लग्नं, गेलेल्यांच्या आठवणी असं ज्याचं त्यानं टाकायचं, आणि रोज सकाळी पहिल्या पानावर ‘आज’ म्हणून त्या दिवसाचं सगळं आपोआप यायचं. सुरतेच्या खोलीत बसलेल्या पोराला कळावं, की आज दारव्ह्याच्या मावशीचा वाढदिवस आहे. एवढीच कल्पना. सोपी वाटते ना? मलाही वाटली होती.

पहिला दणका एक जुलैला बसला. त्या सकाळी पान उघडेचना. पाहतो तर अर्धा जिल्हा एक जुलैला जन्मलेला! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्याला त्याला तीच तारीख देऊन टाकलेली. एवढे वाढदिवस एकदम ओढताना आमचा गरीब सर्व्हर पार आडवा झाला. बोरी अरबच्या एका आजोबांना मी फोनवर खरी तारीख विचारली, तर म्हणाले, “बाजाराचा दिवस होता मॅडम, बाजार उठून राह्यलता, अन् माय पालातच अडली. आता तुमी लावा हिशेब.” आमच्या रकान्यात दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन होते. उठता बाजार कुठल्या चौकोनात घालू, सांगा.

दुसरा दणका वणीहून आला. तिथल्या कोळसाखाणीत काम करणारे एक गृहस्थ चिडून फोनवर ओरडले, “काय वो मॅडम, माह्या नातवाचा वाढदिवस तुमी एक दिवस आधीच करून टाकला! पुण्याहून, सुरतेहून फोन आले. केक तर उद्या येणार हाय!” नातू जन्मला होता पहाटे, उजाडायच्या आधी. आमचा सर्व्हर कुठंतरी परदेशात, आणि त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडे पहाट, तर त्याच्याकडे अजून कालचाच दिवस. त्यानं बिचाऱ्यानं पोराला कालच्या तारखेत बसवलं.

इथं थोडा धंदा समजून घ्या, पुढं लागणार आहे. कॉम्प्युटरच्या पोटात तारीख नसतेच. तिथं एक लांबलचक आकडा असतो. एक क्षण ठरवून ठेवलेला आहे, त्यानंतर किती सेकंद गेले, तेवढंच त्याला ठाऊक. त्याला वार नाही, महिना नाही, सकाळ नाही, संध्याकाळ नाही. आपण पान उघडलं, की त्या उघड्या आकड्याला कपडे चढवले जातात. यवतमाळात पाहिलं तर इथले, दुसरीकडे पाहिलं तर तिथले. साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं, माणूस या दोन गोष्टी एकच समजतो म्हणून होतात.

वणीच्या केकवरून आमच्या मागच्या खोलीत आठवडाभर वाद चालला. डबा द्यायला आलेली माझी आई त्यात पडली. आम्ही कचेरीत नोकऱ्या केलेली माणसं, पंचांग भिंतीला. आई म्हणाली, “पहाटे जन्मला तर आदल्याच दिवसाचा. सूर्य उगवल्याशिवाय दिवस बदलते काय? तुमच्या मशीनला कळते, तुम्हाला नाही कळत.” आणि खरंच, सर्व्हरचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलायचा. परदेशातलं यंत्र आणि माझी आई यांचं एवढं एकमत बघून मला हसू आवरेना.

इक्बाल म्हणाला, “काकू, आमच्यात तर सूरज बुडाला की दुसरा दिवस. मगरीबची अजान झाली की तारीख पलटली. गुरुवारी संध्याकाळी अजान झाली की आमची जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची रात लागते.”

“मंग तुमचे लोक बारा वाजता काय करते?” आईनं विचारलं.

“झोपते,” तो म्हणाला.

त्यानं मोठ्या हौसेनं नवा नियम लिहिला. नावावरून ओळखून मुसलमान घरांचा दिवस सूर्यास्ताला बदलायचा, हिंदू घरांचा सूर्योदयाला. तीन दिवस सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी एका देशमुखांचा फोन. ते मुसलमान निघाले! वऱ्हाडात देशमुखी कुणाकुणाकडे होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असून आम्ही विसरलो. इक्बालनं कपाळावर हात मारला आणि सगळा नियम पुसून टाकला. “दीदीजी, आपल्याले काय करायचं? माणूस जे टाकील ते जशाले तसं ठेवायचं. ना घेणं, ना देणं.” तेव्हापासून आमच्या साइटवर तारीख आणि वेळ माणसानं लिहिली तशीच राहायची. कुठं घडलं, कुठून लिहिलं, काही विचारायचं नाही.

ही खोली, हे भांडण, आईचा डबा, इक्बालचं ते टेबलावर बोटं वाजवणं. आता लिहिताना सगळं डोळ्यांसमोर येतं. काम नंतरही पुष्कळ केलं, त्याहून मोठं केलं. पण तसा जोडीदार काही पुन्हा मिळाला नाही.

चाचांची जिनिंग बंद झाल्यावर वर्षभरात इक्बालही गेला. दुबईला, एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून. मजूर किती वाजता आले, किती वाजता गेले, हे कॉम्प्युटरवर ठेवायचं. जाताना म्हणाला, “पाहा, अखेर वेळच साठवून राह्यलो.” साइटचं काम तो तिथूनही बघायचा. आणि दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, घरी फोन करायचा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून जुमेरातची संध्याकाळ मोकळी. तिकडची मगरीब झाली, की तो फोनकडे जायचा. इकडे तेव्हा रात पडलेली असे. चाचा दोन गल्ल्या पलीकडच्या इसाकभाईच्या एसटीडी बूथवर आधीपासून जाऊन बसायचे. टोपी घालून, बटणं लावून. चाची म्हणे, “फोनवर टोपी दिसते काय?” चाचा म्हणत, “त्याले नसन दिसत. मले माहीत असते ना.”

अशाच एका जुमेरातला, हिवाळ्यात, आर्णीत मगरीबची अजान झाली. चाचांनी बूथवर जायचं म्हणून टोपी घातली, बाजेवर बसून चपला शोधत होते, आणि तसेच बाजेवर कलंडले. चाची शेजारीच होती. अजान संपलेली होती. हे ती पुढं शंभर वेळा सांगायची, कारण तिच्यासाठी सगळं त्यावरच होतं. अजान झाली म्हणजे जुमेरात संपली होती आणि जुम्म्याची रात लागली होती. जुम्म्याच्या रातीला जो जातो त्याला कबरीतला त्रास नाही, अशी त्यांच्यात श्रद्धा आहे. जन्मभर रेच्यांच्या धुळीत खोकलेल्या, शेवटी लुना दुरुस्त करत बसलेल्या माणसाला जाताना तेवढं एक मोठं काहीतरी मिळालं, हे चाचीनं पदरात घट्ट बांधून ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती रडता रडता तेच सांगायची, “जुम्मा मिळाला त्याहीले, जुम्मा.”

इक्बालला मातीला येता आलं नाही. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि रजा मागायला गेला तर साहेब सुट्टीवर. चाळिसाव्यालाही आला नाही. त्यानं तिथून ‘आपले दिवस’वर चाचांचं पान उघडलं. त्यांचा फोटो लावला, रेच्यांबद्दल चार सुंदर ओळी लिहिल्या, आणि खाली लिहिलं: गुरुवार, दुपारी सव्वाचार, अस्रनंतर. अस्र म्हणजे दुपार उतरतानाची नमाज.

आर्णीत शेजारच्या मास्तरीणबाईंनी ते पान चाचीला वाचून दाखवलं. आणि तीन आठवडे धुमसून चाची शेवटी एसटीत बसली नि माझ्या उंबऱ्यात आली.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. समजावून सांगितलं, की दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. इथं पावणेसहा झाले होते तेव्हा तिथं सव्वाचार वाजले होते. तिथं सूर्य बुडायला अजून अवकाश होता. इक्बालनं तिथली वेळ लिहिली आहे, खोटं काही लिहिलं नाही.

“त्याचा बाप दुबईत मेला काय?” चाचीनं विचारलं.

आमच्या धंद्याचा नियमही तोच आहे. गोष्ट जिथं घडली, तिथला सूर्य धरायचा.

“मी त्याचा फोन घेणं बंद केलं,” चाची म्हणाली. “इसाकभाईले सांगून ठेवलं, अम्मी नाही येत म्हणून सांग. आधी माह्या माणसाचा जुम्मा वापस दे म्हणा, मंग बोल.” मग ती खुर्चीत मागं टेकली. “तीन जुमेराती झाल्या, कुंदा. फोन वाजते तं मले घरापर्यंत आयकू येते असं वाटते. येत नसन आयकू. पण वाटते.”

मी म्हटलं, “चाची, एवढीशी दुरुस्ती आहे. आता करून देते.” आणि खरंच दोन बोटांचं काम होतं. पण पान इक्बालचं होतं. त्याला न विचारता हात लावणं मला जमेना. मी चाचीला जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी इक्बालला फोन लावला.

“इक्बाल, अम्मीचं बरोबर आहे. मी आर्णीची वेळ लावून राह्यली.”

तो म्हणाला, “नका लावू, दीदीजी.”

‘जी’ आला. मी भडकले. म्हटलं, “काहून नको? तूच मले शिकवतो ना जागेचा सूर्य धरायचा म्हणून? तुह्या अम्मीनं फोन सोडला तुह्यापायी! भैताडासारखा करू नको.”

“दीदी,” तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज मला ओळखूच येईना. “तिकडचा सूरज धरला तर जुमेरात संपली होती. म्हणजे त्या जुमेरातला मी फोनच केला नाही. अब्बा टोपी घालून बसले होते, अन् माह्या फोनाचा नागा झाला. इकडच्या सूरजानं पाहा. इकडं ऊन होतं. जुमेरात चालूच होती. माह्या फोनची वेळ व्हायची होती. मी चुकवला नाही दीदी, वेळच झाली नव्हती. तेवढं तरी राहू द्या माह्याकडं.”

मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. रडू येण्यासारखंच होतं, त्यात काय लपवायचं. मायला तिच्या माणसाचा जुम्मा पाहिजे. लेकाला त्याची जुमेरात पाहिजे. आणि आमच्याकडे वाराला रकाना एकच. जुम्मा लिहिला तर पोरगं तुटते, जुमेरात ठेवली तर माय तुटते. दोघंही खरं बोलून राह्यले. आई म्हणाली, “दोन पानं कर.” ते मला पटेना. एक माणूस दोनदा मरत नाही.

दोन-तीन दिवस मी दुकानात नुसती चिडचिड करत फिरले. एका मुलीनं अर्जाचा नमुना चुकवला, तर तिला उगाच झापलं. मग एका दुपारी तिलाच शिकवताना माझ्याच तोंडून माझं नेहमीचं वाक्य निघालं: साठवणं वेगळं, दाखवणं वेगळं. मी अर्ध्यातच थांबले. मुलगी म्हणाली, “काय झालं मॅडम?” म्हटलं, “काही नाही, तू जा घरी.”

आम्ही माणसानं लिहिलेलं जशास तसं ठेवत होतो, तिथंच गोम होती. लिहिलेला वार साठवला, तर वार एकच राहणार. पण तो क्षण साठवला तर? चाचा बाजेवर कलंडले तो क्षण आर्णीतही तोच आणि दुबईतही तोच. त्याला ना जुम्मा, ना जुमेरात. तो आकडा एकच. मी चाचांच्या पानातला लिहिलेला वार काढून टाकला आणि त्याच्या जागी तो आकडा ठेवला. मग सांगितलं, की पान जो उघडेल त्याच्या घड्याळाप्रमाणे, त्याच्या सूर्याप्रमाणे वार दाखव. सूर्यास्तानंतर असेल तर जुम्म्याची रात म्हण, आधी असेल तर जुमेरात म्हण. हे धंद्याच्या नियमात बसत नव्हतं. नियमानं सगळ्यांना आर्णीचाच सूर्य दिसायला पाहिजे. बाकी सगळ्या पानांना मी तोच नियम लावला, ज्याच्या त्याच्या गावचा सूर्य, आणि वणीच्या नातवाचा खरा दिवसही हलला नाही. फक्त या एका पानापुरता मी नियम मोडला, आणि मला त्याचा अजूनही अभिमान आहे.

मग मी स्वतः आर्णीला गेले. मास्तरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “जुम्म्याची रात, मगरीबनंतर.” चाचीनं पडद्यावर हात ठेवला, जिथं ते शब्द होते तिथंच. किती तरी वेळ तिनं हात काढला नाही. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण बाई हुशार. शेजारी तिच्या घरी येऊन मला बाजेवर बसवल्यावर डोळे पुसून तिनं विचारलं, “इक्बालले बी हेच दिसते ना?”

माझ्या मनात आलं, हो म्हणावं. कोण दुबईला जाऊन बघणार आहे? पण त्या बाजेवर, चाचांच्या जागेसमोर बसून मला खोटं बोलवेना. म्हटलं, “नाही, चाची. त्याले त्याच्या इकडचा सूरज दिसते. त्याच्या पानावर जुमेरातच आहे. तिथं अजून ऊन आहे.” आणि तो फोनवर जे बोलला, ते सगळं सांगितलं. नागा झाला म्हणाला, तेही सांगितलं.

चाची चिडेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. ती उठली, आत गेली, बाहेर आली. तिच्या हातात चाचांची टोपी होती. ती मांडीवर ठेवून तिच्यावरनं हात फिरवत राहिली.

“म्हणजे त्याच्या इकडं फोनची वेळ अजून व्हायचीच हाय,” ती म्हणाली.

“हो चाची.”

“राहू दे मंग. त्याले जुमेरातच दिसू दे.” आणि टोपीची घडी करत, “पागल. मले सांगायचं ना. मी काय ओरडलो असतो काय त्याच्यावर?”

त्या जुमेरातला मी मुद्दाम आर्णीत थांबले. मगरीबची अजान झाली तशी चाची बूथवर जाऊन बसली. फोनला तासाहून जास्त वेळ होता. इसाकभाई म्हणाला, “भाभी, इतक्या लवकर कायले आल्या?” ती म्हणाली, “उस्मानमियाँची खुर्ची हाय ना ही? ते याच वक्ताले येत होते.” फोन वाजला तेव्हा तिनं इसाकभाईला उचलूच दिला नाही, स्वतः उचलला. मी बाहेर उभी राहिले. काचेतून मला फक्त दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. खूप वेळ तिकडचं कुणीतरी रडत असावं, कारण चाची नुसती “हां... हां... हां बेटा” अशी मान हलवत होती. शेवटी ती हसली, आणि डोक्यावरचा पदर तिनं असा सारखा केला, जसा समोर माणूस आल्यावर करतात.

इक्बालनं मला त्याच रात्री दोन शब्दांची मेल केली. “पाहिलं, दीदी.” ‘जी’ नव्हता.

चाची नंतर बरीच वर्षं होती. एसटीडी बूथ गेले, मोबाइल आले, तरी तिचा फोन जुमेरातलाच यायचा. ती गेली तेव्हा इक्बालला रजा मिळाली आणि तो वेळेवर पोचला. आर्णीला जाऊन आल्यावर एक दुपार माझ्याकडे येऊन बसला. दुकान तोवर मी विकून टाकलं होतं. मागच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. तो घरात बसला आणि जुन्या सवयीनं टेबलावर बोटं वाजवू लागला. मला म्हणावंसं वाटलं, “ये आता परत, काय ठेवलं तिकडं?” पण कशाला ये म्हणू? जिनिंगच्या जागेवर प्लॉट पडले, साइट बंद झाली. लोक आता एकमेकांना मोबाइलवरच फुलं पाठवतात, कुणाला ‘आज’ नावाचं पान लागत नाही. तो गेला. आता फोन करतो, पण अधूनमधून.

‘आपले दिवस’ बंद करताना मी सगळी पानं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. नवरा म्हणतो, एवढ्या जुन्या सामानाचं करणार काय. खरंच काही करत नाही. कधी तरी संध्याकाळी चाचांचं पान उघडते. तिथं असतं: जुम्म्याची रात, मगरीबनंतर. चाचीचा जुम्मा जागच्या जागी आहे हे बघून बरं वाटतं.

आणि कधी कधी, इक्बालची फार आठवण आली, की मी कॉम्प्युटरच्या घड्याळाला सांगते, की तू दुबईत आहेस. मुलगा वैतागतो, “आई, तू पुन्हा घड्याळ बिघडवलं,” म्हणून. बिघडवत नाही रे, थोडा वेळ तिकडं नेते. पान पुन्हा उघडते. आता तिथं लिहिलेलं असतं: जुमेरात, दुपारी सव्वाचार, अस्रनंतर. तिकडे ऊन आहे. माझी मागची खोली अजून आहे, आणि दुबईहून कुणीतरी मला अजून दीदीजी म्हणून भांडू शकतं. आर्णीत चाचा टोपी घालून, बटणं लावून निघायच्या बेतात आहेत, आणि पोराच्या फोनला अजून वेळ आहे.